पांढऱ्या पिल्लांची श्रवणचाचणी विक्रीपूर्वीच व्हावी

माननीय संपादक यांस,
सादर नमस्कार.

राखणीसाठी म्हणून पैसे मोजून आणलेले पिल्लू दोन्ही कानांनी जन्मतः बहिरे असल्याचे काही आठवड्यांनी ध्यानात यावे, आणि विक्रेत्याला विचारल्यावर 'आम्ही पिल्लू धडधाकट दिले होते, पुढचे आम्हांला ठाऊक नाही' असे उत्तर मिळावे, हा प्रसंग आमच्या घरी नुकताच घडला. कुत्र्याच्या पिल्लाचा असा जन्मजात बहिरेपणा पाचव्या आठवड्यात चाचणीने निश्चित कळू शकतो आणि नियमाप्रमाणे आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. म्हणजे विक्रीच्या दिवशी ही गोष्ट विक्रेत्याला माहीत असणे सहज शक्य असते. तरीही ती तपासण्याचे बंधन कोणावर नाही आणि खरेदीदाराला तसे विचारावे हे सुचतही नाही. ही बाब आपल्या वृत्तपत्राद्वारे शेतकऱ्यांपर्यंत आणि पशुसंवर्धन विभागापर्यंत पोहोचावी, अशी माझी इच्छा आहे.

जुन्नर तालुक्यात आमची वस्ती गावापासून दूर, उसाच्या मळ्यांमध्ये आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले तसा या भागात ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही इथलाच रहिवासी झाला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. शेळ्या, वासरे आणि लहान मुले असलेल्या वस्तीवर कुत्रा हवाच. बिबट्याशी झुंजावे अशी त्याच्याकडून कोणाचीही अपेक्षा नसते. मागच्या बांधावर पाचट चुरचुरले, की माणसाला काही कळायच्या आत त्याचे कान उभे राहावेत आणि त्याने भुंकून घर जागे करावे, एवढेच त्याचे काम. त्याच्या भुंकण्याने बिबट्या कित्येकदा माघारी फिरतो, आणि नाही फिरला तरी आम्हांला दिवा लावून आवाज करायला अवधी मिळतो. गावठी कुत्रे हे काम उत्तम करतात, पण बिबट्याच्या तोंडी सर्वांत आधी तेच जातात. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला तरी प्रत्येक वेळी त्यांचा जीव वाचतो असे नाही. त्यामुळे अंगाने मोठ्या, जातिवंत देशी कुत्र्यांकडे शेतकरी वळू लागले आहेत. मराठवाड्यातील कारवान आणि पश्मी, बागलकोटकडचा मुधोळ ही नावे आपल्याकडे जुनीच आहेत. त्यांत आता तमिळनाडूतील राजपालयमची भर पडली आहे.

विरुधुनगर जिल्ह्यातील राजपालयम गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही जात शिकारीसाठी आणि राखणीसाठी पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. शुभ्र पांढरा अंगरंग, गुलाबी नाक आणि परक्या माणसाला थारा न देणारा स्वभाव ही तिची ओळख आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांमध्ये हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि मुधोळ यांच्या बरोबरीने राजपालयमलाही स्थान मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन केले, त्यातही या जातीचे नाव होते. देशी जातींना असा मान मिळाला याचा मला आनंदच आहे. मात्र मागणी वाढली की पिल्लांचा व्यापारही वाढतो, आणि त्या व्यापारात या जातीविषयीची एक जुनी गोष्ट दडपली जाते. राजपालयमच्या पिल्लांमध्ये जन्मजात बहिरेपणा आढळतो, हे ती जात पाळणाऱ्या जाणकारांना चांगले ठाऊक आहे. दलालाच्या मोबाईलवरील छायाचित्रे पाहून पिल्लू मागवणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला ते कोणी सांगत नाही.

आमचे पिल्लू आले तेव्हा अंगाने भरलेले आणि खेळकर होते. पहिली लस दिल्याची नोंदही सोबत होती. सुरुवातीला शंका येण्यासारखे काहीच नव्हते, कारण आमच्या वस्तीवर एक वयस्क गावठी कुत्री आहे आणि पिल्लू सतत तिच्या मागे असे. ती उठली की ते उठे, ती फाटकाकडे धावली की तेही धावे. आम्ही समजत होतो की ते हाकेला ओ देते, आणि प्रत्यक्षात ते तिला पाहून वागत होते. कुत्री शेतात गेलेली असताना ट्रॅक्टर अगदी शेजारी सुरू झाला तरी पिल्लू गाढ झोपलेले राहते, हे प्रथम माझ्या सुनेच्या लक्षात आले. खेळताना ते फार जोराने चावते, आणि मुले कळवळून ओरडली तरी सोडत नाही, हेही तिनेच सांगितले. यामागचे कारण पुढे पशुवैद्यकांनी समजावले. भावंडाला जोरात चावले की ते केकाटते, आणि त्या केकाटण्यावरून पिल्लू आपल्या दातांचा जोर आवरायला शिकते. ज्याला ते केकाटणे ऐकूच येत नाही, त्याचे हे शिक्षण अर्धवट राहते. म्हणजे ज्याला आपण खोडकर, हट्टी किंवा मठ्ठ समजून मारतो, ते पिल्लू कदाचित काहीच ऐकत नसते.

घरच्या घरी कान तपासताना माणूस हमखास फसतो, म्हणून पशुवैद्यकांची पद्धत सविस्तर लिहितो. पिल्लापाठीमागे टाळी वाजवली आणि त्याने मान वळवली म्हणजे त्याला ऐकू येते असे होत नाही. टाळीबरोबर हवा हलते, सावली पडते, पाय आपटला तर जमीन कंप पावते, आणि बहिऱ्या पिल्लाचे डोळे आणि स्पर्श या बाबतीत फार तरबेज झालेले असतात. डॉक्टरांनी पिल्लाला इतर जनावरांपासून वेगळे ठेवायला सांगितले, ते गाढ झोपेपर्यंत वाट पाहिली आणि मग बऱ्याच अंतरावरून, त्याच्या दृष्टीआड राहून, निरनिराळ्या पट्टीचे आवाज केले. त्यात शिट्टी होती, किल्ल्यांचा जुडगा होता, स्टीलचे ताट होते. ऐकू येणाऱ्या पिल्लाचा कान झोपेतही किंचित हलतो. आमच्या पिल्लाचा हलला नाही. तोच आवाज पुन्हा पुन्हा केल्यास ऐकू येणारे पिल्लूही कंटाळून दुर्लक्ष करू लागते, म्हणून ही तपासणी थोडक्यात आटपावी लागते, हेही त्यांनी सांगितले. एवढे करूनही घरच्या तपासणीला मोठी मर्यादा आहे. एकाच कानाने बहिरे असलेले पिल्लू या पद्धतीने मुळीच ओळखता येत नाही.

पांढरा रंग आणि बहिरेपणा यांचा संबंध काल्पनिक नाही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात हे डार्विननेही एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवले होते. कारण आता पुष्कळ स्पष्ट झाले आहे. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात, आणि तिथल्या द्रवातील पोटॅशियमचे प्रमाण टिकवण्यासाठी त्यांची गरज असते. अंगावर पांढरा रंग पसरवणाऱ्या काही जनुकांमुळे गर्भावस्थेत या पेशी कानापर्यंत पोहोचतच नाहीत. पिल्लाच्या कानाची भोके साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात या पेशींअभावी आतल्या कानातील रक्तवाहिन्यांचा पट्टा निकामी होत जातो आणि पाठोपाठ आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत आणि यावर औषध नाही. यात कोणाच्याही देखभालीचा दोष नसतो. तेल घालून, कान साफ करून किंवा गावठी उपाय करून काही साधत नाही, उलट कानाला इजा होते. पांढरे म्हणजे बहिरे असाही अर्थ कोणी काढू नये. पूर्ण पांढरी पण उत्तम ऐकणारी राजपालयम कुत्री पुष्कळ आहेत. ज्यांच्यात रंगपेशी असतात पण रंगद्रव्य बनत नाही, अशी खरीखुरी अल्बिनो जनावरे तर सहसा बहिरी नसतात. म्हणूनच नुसत्या रंगावरून निवाडा न करता चाचणी करावी लागते.

ही चाचणी म्हणजे आपल्याकडे तान्ह्या मुलांची जी 'बेरा' चाचणी करतात तीच. आमच्या नात्यातील एका बाळाची ती पुण्यात झाली होती, त्यामुळे मला तिची कल्पना होती. डोक्याच्या कातडीत बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड बसवतात, एकेका कानात टिकटिक असा आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावर विजेचे तरंग उमटतात का, ते यंत्रावर पाहतात. आवाजानंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांतच उत्तर मिळते. दोन्ही कानांचा निकाल वेगवेगळा कळतो, आणि पिल्लू पाच आठवड्यांचे झाले की तो निकाल कायमचा धरता येतो. परदेशात पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्या डाल्मेशियन जातीसाठी ही चाचणी अनेक वर्षांपासून केली जात आहे. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांपैकी सुमारे ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले, आणि त्यांतही एका कानाने बहिरे असलेल्यांची संख्या दोन्ही कानांनी बहिरे असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. ब्रिटनमध्ये चाचणी करून, ऐकू येणारीच नर-मादी पैदाशीसाठी निवडण्याचा रिवाज पडल्यानंतर त्या जातीतील बहिरेपणाचे प्रमाण खाली आले. देशी जातींच्या बाबतीत हे करणे अशक्य आहे असे मानायचे काही कारण मला दिसत नाही.

आता कायद्याकडे येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वानपैदास आणि विक्रीसंबंधी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, नोंदी ठेवाव्यात आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये, असे त्यात आहे. श्रवणचाचणीची स्वतंत्र अट मात्र त्यात नाही. पाचव्या आठवड्यात दोष निश्चित करता येतो आणि आठव्या आठवड्यानंतर विक्री होते. मधले तीन आठवडे ज्याच्या हाती पिल्लू आहे त्याने ते तपासू नये आणि नंतर आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापल्याशिवाय ती विकता येत नाही, आणि बियाणे उगवले नाही तर शेतकरी त्या आकड्याच्या आधारे दाद मागू शकतो. जे जनावर कानांच्या भरवशावर घराची राखण करण्यासाठीच विकले जाते, त्याच्या कानांबद्दल दोन ओळींचा दाखला मागणे त्याहून अधिक कसे ठरते? खरे तर आज आठ आठवड्यांची अटही सर्रास मोडली जाते. पिल्ले सहा आठवड्यांचीच दलालाकडे जातात, खाजगी बसच्या डिकीतून प्रवास करतात, व्यवहार फोनवर होतो आणि पावती मिळत नाही. पावतीच नसल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाटही खरेदीदाराला अवघड होऊन बसते.

चाचणीची सक्ती केल्यास बहिरे निघालेले पिल्लू पाचव्या आठवड्यातच मारून टाकले जाईल, अशी शंका आमच्या पशुवैद्यकांनी बोलून दाखवली. ती गंभीर आहे आणि मी ती बाजूला सारू शकत नाही. आजही पांढऱ्याऐवजी रंगीत निपजलेली पिल्ले जन्मतःच नाहीशी केली जातात, असे या जातीविषयी सांगितले जाते. म्हणून नियम करताना प्रत्येक पिल्लाची जन्मापासून नोंद आणि मायक्रोचिप, बहिऱ्या पिल्लाला मारण्यास किंवा सोडून देण्यास मनाई, आणि त्याचे निर्बीजीकरण करून दोष सांगूनच ते घरगुती सोबती म्हणून देण्याची मुभा, या तीनही गोष्टी त्यात एकत्र असायला हव्यात. बहिरेपण लपवल्यामुळे पिल्लाचा जीव वाचतो हेही खरे नाही. राखणीसाठी आणलेला कुत्रा राखण करत नाही असे दिसले की त्याला मारहाण होते, मग महामार्गाच्या कडेला सोडले जाते, आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज न ऐकू येणारे जनावर तिथे फार काळ जगत नाही.

पैदास करणाऱ्यांनी नर-मादी तपासणे याहूनही महत्त्वाचे आहे. एका कानाने बहिरा कुत्रा सर्व कामे व्यवस्थित करतो, देखणा दिसतो, प्रदर्शनातही उभा राहतो आणि त्याच्याकडून हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. शुभ्र रंगाचा हट्टही थोडा सैल करायला हवा. डाल्मेशियनमध्ये ज्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः रंगाचा मोठा डाग असतो त्यांच्यात बहिरेपणा कमी आढळतो, तरीही त्या जातीचे रूप कसे असावे हे ठरवणाऱ्या प्रमाणकांनी असे डागाचे कुत्रे प्रदर्शनातून बाद ठरवले. तीच चूक आपण राजपालयमच्या बाबतीत का करावी? ज्या जातीचे मोल तिच्या कामावर ठरले, तिच्यात रंगापेक्षा कानांना अधिक मान मिळाला पाहिजे.

आमचे पिल्लू आमच्याकडेच राहणार आहे. राखणीचे काम त्याच्याकडून होणार नाही, हे आम्ही स्वीकारले आहे. कोणाकडे असे पिल्लू असेल तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून दोन गोष्टी लिहितो. बहिरे पिल्लू झोपेत अचानक धरल्यास दचकून चावते, म्हणून आम्ही आधी त्याच्या नाकापुढे हात धरतो, वास आला की खांद्याला हलका स्पर्श करतो आणि त्याने डोळे उघडताच भाकरीचा तुकडा देतो. आता स्पर्शाने उठताना ते शेपूट हलवते. बसणे, थांबणे आणि जवळ येणे यांसाठी आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या, आणि घरातील सर्वांनी त्याच खुणा वापरायच्या असा दंडक केला. डोळ्याला डोळा भिडला की लगेच खाऊ देत गेल्याने ते वारंवार मागे वळून आमच्याकडे पाहते. रात्री अंगणात बोलवायचे असेल तर बॅटरीचा झोत जमिनीवर दोनदा फिरवतो. ते डोळ्यांनी इतके सावध आहे की खुणा शिकायला त्याला ऐकणाऱ्या पिल्लापेक्षा अधिक वेळ लागला असे मला वाटत नाही. मात्र उघड्यावर त्याला दोरीशिवाय सोडत नाही, आणि संध्याकाळ झाली की ते जाळी लावलेल्या गोठ्यात असते, कारण मागून येणारा बिबट्या त्याला कळणार नाही. वयात येताच त्याचे निर्बीजीकरण करून घेणार आहोत.

शासनाकडे माझी मागणी अशी आहे की, परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय या दोन ठिकाणी तरी कुत्र्यांच्या बेरा चाचणीची सोय माफक शुल्कात, ठरलेल्या वारी, सर्वांना खुली असावी. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने त्यासाठी पुढाकार घ्यावा. राज्य प्राणी कल्याण मंडळाने नोंदणीकृत विक्रेत्यांना, निदान पांढऱ्या व बहुतांशी पांढऱ्या जातींच्या पिल्लांसाठी, दोन्ही कानांचा लेखी निकाल पावतीसोबत देणे बंधनकारक करावे, आणि बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या पिल्लांनाही तो नियम लागू करावा.

ही सोय होईपर्यंत जे शेतकरी बांधव पिल्लू घेणार असतील त्यांनी ते फोटोवरून घेऊ नये. शक्य असेल तर स्वतः जाऊन आई-बाप पाहावेत, हवे ते पिल्लू भावंडांपासून वेगळ्या खोलीत झोपवून वर सांगितल्याप्रमाणे तपासावे, 'दोन्ही कानांनी ऐकू येते' असे विक्रेत्याच्या सहीने पावतीवर लिहून घ्यावे, आणि तसे लिहून द्यायला तो तयार नसेल तर पूर्ण रक्कम देऊ नये.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
ता. जुन्नर, जि. पुणे